रेंट-टु-ओन: अमेरिकेत भाड्याने राहून घर घ्यायचं असेल तर काय तपासायचं, आणि एजंटला कधी, किती द्यायचं

मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक जाहिरात फिरत असते. चार बेडरूम, चांगली शाळा, 'आज राहायला या, दोन वर्षांनी घर तुमचं'. अमेरिकेत येऊन वर्ष-दीड वर्ष झालेल्या जोडप्याला यात काहीच वावगं दिसत नाही. भाडं भरायचंच आहे, मग ते वाया का घालवायचं? डाउन पेमेंट साठलेलं नाही, क्रेडिट हिस्टरी कोवळी आहे, ग्रीन कार्डाची रांग कुठवर पोहोचली ते कुणालाच ठाऊक नाही. अशा वेळी रेंट-टु-ओन म्हणजे मधला मार्ग वाटतो.

काहींसाठी तो खरोखर मधला मार्ग असतो. पण माझं मत आधीच सांगून टाकतो: नोकरी पक्की असलेल्या बऱ्याच नवख्या मंडळींना याची गरजच नसते, आणि ज्यांना असते ते घाईत भाडेकरार म्हणून सही करतात आणि खरेदी म्हणून काहीच तपासत नाहीत. खालचं सगळं त्या क्रमाने लिहिलं आहे. नियम राज्याराज्यांत बदलतात. मी न्यू जर्सीची उदाहरणं जास्त दिली आहेत, कारण आपली वस्तीही तिथे दाट आहे आणि तिथले नियमही स्पष्ट आहेत.

पायरी १: आधी साधं कर्ज मिळतंय का ते विचारा

'ग्रीन कार्ड नाही म्हणजे कर्ज नाही' हा समज अजून टिकून आहे. तो खरा नाही. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्था ज्या प्रकारची कर्जं बँकांकडून विकत घेतात, ती कायदेशीर वास्तव्य असलेल्या एच-१बी किंवा एल-१ धारकालाही मिळू शकतात. पहिलं घर घेणाऱ्यांसाठी ३ टक्के डाउन पेमेंटच्या योजनाही आहेत. २० टक्क्यांपेक्षा कमी भरलंत तर पीएमआय नावाचा विम्याचा हप्ता वर चढतो, एवढंच.

बदललं आहे ते एफएचए, म्हणजे सरकारी हमीच्या कर्जाचं. 'साडेतीन टक्के भर आणि एफएचएवर घे, आम्ही तसंच घेतलं' असं जुने मित्र अजूनही सांगतात. त्यांच्या वेळी ते बरोबर होतं. २५ मे २०२५ पासून ग्रीन कार्ड नसलेल्या, तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना एफएचए कर्ज बंद झालं. तेव्हा व्हिसावर असाल तर थेट कन्व्हेन्शनल, म्हणजे वर सांगितलेल्या फॅनी-फ्रेडी प्रकारच्या कर्जाची चौकशी करा.

क्रेडिटचं म्हणाल तर फिको स्कोअर तयार व्हायलाच निदान सहा महिने जुनं खातं लागतं. दोन-तीन लेंडरांकडे एकाच आठवड्यात चौकशी केली तर स्कोअरच्या हिशोबात ती साधारणपणे एकच धरली जाते, म्हणून घाबरून एकाच ठिकाणी थांबू नका. लेंडरने 'नाही' म्हटलं तर कारण लेखी घ्या. ते कारण काय आहे यावर पुढचं सगळं ठरतं.

कारण वेळेने सुटणारं असेल तर रेंट-टु-ओनला अर्थ आहे. क्रेडिट जेमतेम आठ महिन्यांचं आहे, स्वतःचा व्यवसाय आहे पण दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न अजून झालेले नाहीत, बायकोची एच-४ वर्क परमिटवरची नोकरी आत्ताच लागली आहे, ही अशी कारणं. पण अडचण पगारापेक्षा घर महाग असल्याची असेल, तर दोन वर्षांनी ती तशीच उभी राहील, आणि मधल्या काळात भरलेले जादा पैसे गेलेले असतील.

व्हिसाचा हिशोब वेगळा करा. एच-१बीवर नोकरी गेली तर नवी शोधायला साधारण ६० दिवसांची सवलत मिळते. भाड्याचं घर त्या काळात सोडता येतं. ऑप्शनचे, म्हणजे पुढे घर घेण्याच्या हक्कासाठी भरलेले पैसे मात्र परत मिळत नाहीत. कंपनीत ले-ऑफची कुजबुज सुरू असेल तर हा लेख इथेच बंद करून साधं भाड्याचं घर बघा.

एक फुकटचा सल्ला, शब्दशः फुकटचा: केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याने, म्हणजे हडने, मान्यता दिलेले समुपदेशक जवळपास प्रत्येक मोठ्या काउंटीत असतात. फी नाही किंवा अगदी नाममात्र. त्यांना तुम्हाला घर विकायचं नसतं.

पायरी २: समोरचा कागद नेमका कुठला आहे?

रेंट-टु-ओन या एकाच नावाखाली निदान चार वेगळे व्यवहार विकले जातात.

लीज-ऑप्शन: भाडेकरार आणि त्याला जोडलेला खरेदीचा हक्क. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या किमतीला घर घ्यायचा हक्क तुम्हाला आहे, सक्ती नाही. घेतलं नाही तर ऑप्शनची फी बुडते, पण कुणी तुमच्यावर दावा लावत नाही. नवख्या माणसाने यापलीकडे जाऊ नये असं मला वाटतं.

लीज-पर्चेस: इथे मुदत संपली की घर घ्यावंच लागतं. कर्ज मिळालं नाही तर करार मोडला तुम्ही, असा अर्थ निघतो. दोन्ही कागद वरवर सारखे दिसतात. 'शॅल पर्चेस' की 'मे पर्चेस' एवढाच फरक कधीकधी असतो, त्यामुळे ते वाक्य बोटाने शोधा.

कॉन्ट्रॅक्ट फॉर डीड किंवा लँड कॉन्ट्रॅक्ट: तुम्ही मालकालाच हप्ते भरता, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर त्याच्याच नावावर राहतं. दुरुस्ती, कर, विमा बहुधा तुमच्या डोक्यावर. बऱ्याच करारांत एक-दोन हप्ते चुकले की सगळंच हातचं जाऊ शकतं. याच्या वाटेला वकिलाशिवाय जाऊ नका.

चौथा प्रकार कंपन्यांचा. तुम्ही घर निवडता, कंपनी ते विकत घेते, तुम्हाला भाड्याने देते आणि पुढच्या काही वर्षांच्या खरेदीच्या किमती आधीच लिहून देते. होम पार्टनर्स ऑफ अमेरिका ही यातली मोठी कंपनी. २०२१ मध्ये ब्लॅकस्टोनने ती ६ अब्ज डॉलरला घेतली. कागद व्यवस्थित असतात, पण ते कंपनीच्या वकिलांनी कंपनीसाठी लिहिलेले असतात आणि त्यात घासाघीस जवळजवळ होत नाही. किंमत दरवर्षी किती चढणार तेवढं बघा, आणि त्याच भागातल्या साध्या भाड्याशी ताडून बघा.

टेक्सासात, म्हणजे डॅलस-ह्यूस्टनकडे असाल तर लक्षात ठेवा: तिथल्या मालमत्ता कायद्यात भाडेकरार आणि खरेदीचा ऑप्शन एकत्र आले की त्याकडे वेगळ्या, कडक नजरेने बघितलं जातं. तिथला शहाणा एजंटही याला वकिलाशिवाय हात लावत नाही.

पायरी ३: पैसे चार ठिकाणी जातात, ते चार ठिकाणी लिहा

पहिले, ऑप्शन फी. साधारण किमतीच्या १ ते ५ टक्के, आणि बहुतेक करारांत परत न मिळणारी. दुसरं, सिक्युरिटी डिपॉझिट. हे परत मिळायचे पैसे आहेत. न्यू जर्सीत दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. म्हणून काही मालक 'सगळं मिळून वीस हजार दे' म्हणतात आणि त्यातलं डिपॉझिट किती, ऑप्शन किती ते लिहीतच नाहीत. एकाच चेकवर दोन्ही देऊ नका. दोन चेक, दोन पावत्या.

तिसरं भाडं, चौथं रेंट क्रेडिट, म्हणजे भाड्यातला जो भाग पुढे घराच्या किमतीत वळता होणार तो. सगळ्यात जास्त गैरसमज या चौथ्याबद्दल आहेत, म्हणून आकडे घेऊन बघू.

समजा घर ५,००,००० डॉलरचं. त्या भागात तशा घराचं चालू भाडं महिना ३,०००. तुमच्याकडून घेतात ३,४००, आणि करारात लिहितात की दर महिन्याचे ६०० डॉलर खरेदीत वळते होतील. तुमच्या मनातला हिशोब: वर्षाचे ७,२००. आता कर्जाला गेलात. फॅनी मेच्या नियमाने बँक बघते ती शेवटच्या १२ महिन्यांत तुम्ही भरलेलं भाडं आणि चालू बाजारभाव यांच्यातली तफावत. बाजारभाव ठरवणार अप्रेझर, म्हणजे मूल्यमापक, मालक नाही. तफावत ४०० ची, म्हणून डाउन पेमेंटमध्ये धरायला मिळतात ४,८००. वरचे २,४०० मालकाने किमतीतून कमी केले तर त्याची मर्जी, पण तुमचं डाउन पेमेंट म्हणून ते चालत नाहीत. आणि भाडं बाजारभावाइतकंच असेल, तर करारात कितीही क्रेडिट लिहिलेलं असलं तरी या हिशोबात ते शून्य.

शिवाय बँकेला करार निदान १२ महिन्यांचा लागतो आणि त्या बाराही महिन्यांचे भाडं भरल्याचे पुरावे लागतात. रोख दिलेलं भाडं बँकेच्या दृष्टीने दिलेलंच नसतं. झेल या पेमेंट ॲपवर पाठवत असाल तर त्याच खात्यातून, त्याच तारखेला, आणि सोबत 'जून भाडं' असं काहीतरी लिहून पाठवा.

आणखी एक: भाडं वेळेवर भरलं म्हणून क्रेडिट स्कोअर आपोआप वाढत नाही. मालक किंवा एखादी सेवा ती नोंद क्रेडिट ब्युरोंकडे पाठवत असेल तरच ती तिथे दिसते. दोन वर्षं क्रेडिट 'बनवायला' म्हणून हा मार्ग घेत असाल, तर क्रेडिट कार्ड आणि गाडीचं कर्ज वेळेवर फेडण्यानेच ते काम होणार आहे.

करारात उशिराचं कलम शोधा. कित्येक करारांत पाच तारखेनंतर भाडं आलं की त्या महिन्याचं क्रेडिट जातं, आणि दोनदा उशीर झाला तर ऑप्शनच रद्द होतो. हे कलम बदलून मागा: उशीर झाल्यास लेखी नोटीस आणि दहा दिवसांची सवलत, त्यानंतरच काय ते. ऐकणारा मालक ऐकतो.

पायरी ४: किंमत आज ठरवायची की नंतर?

आज ठरवलेली बरी, पण वरची मर्यादा म्हणून. 'त्या वेळच्या बाजारभावाने' असं लिहिलेलं असेल तर तुम्ही ऑप्शन फी नेमकी कशासाठी देताय, हा प्रश्न मालकाला विचारा. दुसऱ्या टोकाला, आजच्या किमतीवर दरसाल ५ टक्के चढवून ठेवलेली किंमत असते, आणि दोन वर्षांनी अप्रेझल त्याच्या खाली येतं. बँक कर्ज देते अप्रेझलच्या आकड्यावर. मधली फट रोखीने तुम्ही भरायची. म्हणून एक ओळ घाला: अप्रेझल कमी आलं तर किंमत तेवढी खाली येईल किंवा ऑप्शन फी परत मिळेल. दोन्ही मिळणार नाही. एक मिळवा.

पायरी ५: घर आजच विकत घेताय असं समजून तपासा

लोक इथेच ढिले पडतात. 'अजून दोन वर्षं आहेत, घेताना बघू' असं म्हणून इन्स्पेक्शनचे काही शे डॉलर वाचवतात. मग दुसऱ्या हिवाळ्यात फर्नेस बंद पडतो आणि करारात लिहिलेलं असतं की दुरुस्ती भाडेकरूची. साध्या भाड्याच्या घरात हे मालकाचं काम. रेंट-टु-ओनमध्ये 'तुमचंच होणार आहे ना घर' या न्यायाने ते तुमच्या गळ्यात येतं. माझ्या मते मध्यम मार्ग हा: छप्पर, फर्नेस, वॉटर हीटर, पाया, गटार ही मोठी कामं क्लोजिंगपर्यंत (घर तुमच्या नावावर होईपर्यंत) मालकाची, नळ-दिवे तुमचे. आणि इन्स्पेक्शन सही करायच्या आधी, रेडॉन आणि वाळवीच्या तपासणीसकट.

मग टायटल सर्च. घर खरंच त्याच्याच नावावर आहे ना, घटस्फोट चालू नाही ना, काउंटीचा कर थकला नाही ना, कंत्राटदाराचा बोजा नाही ना. टायटल कंपनी किंवा वकील हे काम करून देतात.

यात एक बारकावा आहे, जो एजंट सहसा सांगत नाही. मालकाच्या स्वतःच्या कर्जात बहुतेक वेळा ड्यू-ऑन-सेल कलम असतं: घर विकलं किंवा हक्क दुसऱ्याला दिला, तर बँक सगळं कर्ज एकदम मागू शकते. १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने काही बाबतीत बँकेला हे करता येत नाही. तीन वर्षांपर्यंतचा भाडेकरार त्यात बसतो, पण फक्त त्यात खरेदीचा ऑप्शन नसेल तरच. म्हणजे नुसतं भाड्याने दिलं तर मालक सुरक्षित, ऑप्शन जोडला की बँकेच्या हातात पत्ता. हप्ते येत असतील तर बँका सहसा उठून बसत नाहीत. तरीही मालकाने बँकेला विचारलं आहे का, हे विचारून ठेवा. आणि दर तिमाहीला त्याच्या कर्जाचं स्टेटमेंट तुम्हाला दिसेल असं कलम घाला. तुम्ही दरमहा ३,४०० भरताय आणि तो हप्ताच भरत नाही, घर फोरक्लोजरला (बँकेच्या जप्तीला) निघालं, आणि तुम्हाला कळलं ते दारावर चिकटवलेल्या नोटिशीवरून, असं होता कामा नये.

शेवटी मेमोरँडम ऑफ ऑप्शन. एक-दोन पानी कागद, नोटरी करून काउंटी क्लर्ककडे नोंदवायचा. किंमत वगैरे त्यात लिहावी लागत नाही, फक्त या घरावर अमुक तारखेपर्यंत अमक्याचा ऑप्शन आहे एवढंच. तो नोंदवलेला असेल तर मालकाला घर गुपचूप तिसऱ्याला विकता येत नाही, कारण पुढच्या टायटल सर्चमध्ये तुमचं नाव वर येतं. मालक हा कागद नोंदवायला नकार देत असेल तर मी तिथून उठेन.

न्यू जर्सीत एजंटने तयार केलेल्या घरखरेदीच्या आणि वर्ष किंवा त्याहून मोठ्या भाड्याच्या करारात वकिलाला दाखवायला तीन कामकाजाच्या दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत वकील करार नामंजूर करू शकतो. पण मालकाने किंवा कंपनीने स्वतःच कागद तयार केला असेल तर हे कलम त्यात आपोआप येत नाही. तेव्हा सहीच्या आधी वकील.

पायरी ६: एजंट

इथे २०२४ नंतर बरंच काही बदललं आहे, आणि आपल्या लोकांमध्ये अजून जुनीच माहिती फिरते.

पूर्वीची पद्धत अशी: घर विकणारा साधारण ५ ते ६ टक्के कमिशन देणार, त्यातलं अर्धं खरेदीदाराच्या एजंटला. म्हणून 'एजंट फुकट असतो' ही म्हण पडली. मिझुरीतल्या ज्यूरीने ३१ ऑक्टोबर २०२३ ला याच पद्धतीबद्दल एनएआर या रिअल्टरांच्या राष्ट्रीय संघटनेविरुद्ध आणि काही मोठ्या ब्रोकरेज कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. मार्च २०२४ मध्ये संघटनेने ४१.८ कोटी डॉलरची तडजोड केली आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम आले. घरांची यादी असते त्या एमएलएसवर खरेदीदाराच्या एजंटला किती मिळणार हे आता लिहिता येत नाही. आणि एजंटने घर दाखवायच्या आधी तुमच्याशी लेखी करार करावा लागतो. त्यात त्याची फी ठोस आकड्यात किंवा टक्क्यात हवी, 'विक्रेता देईल ते' असं मोघम चालत नाही. करारात लिहिलंय त्यापेक्षा जास्त त्याला कुणाहीकडून घेता येत नाही. विक्रेता अजूनही ती फी देऊ शकतो, फक्त ती मागून घ्यावी लागते. न्यू जर्सीत १ ऑगस्ट २०२४ पासून राज्याचा स्वतःचा कायदाही आहे.

ओपन हाउसला तुम्ही एकटे गेलात, फोनवर चौकशी केली, तर हा करार लागत नाही. 'आधी सही करा, मग बोलू' असं फोनवरच कुणी म्हणालं तर सावकाश घ्या. सही करायचीच तर एका घरापुरती किंवा एका महिन्यापुरती करा. सहा महिन्यांचा करार हा नियम नाही, तो छापील फॉर्ममधला रिकामा रकाना आहे.

आता रेंट-टु-ओनचा पेच. एजंटला पैसे मिळतात क्लोजिंगला, आणि इथे क्लोजिंग दोन-तीन वर्षं लांब आहे, कदाचित होणारही नाही. म्हणून बरेच चांगले एजंट यात पडत नाहीत, आणि जे पडतात ते आधी काहीतरी मागतात. मागणी रास्त आहे, पण तिचं रूप बघा. वरच्याच घरावर: भाडं लावल्याबद्दल एक महिन्याचं भाडं, म्हणजे ३,४००. शिवाय खरेदी झाली की २.५ टक्के, म्हणजे १२,५००. कधीकधी तिसरं, ऑप्शन फीमधला वाटा. तिन्ही वेगवेगळ्या कागदांवर असतात, त्यामुळे बेरीज कुणी करत नाही.

तुम्ही करा, आणि हे मागा. भाड्यावेळी दिलेली रक्कम पुढे खरेदीच्या कमिशनमधून वजा व्हावी. ऑप्शन फीला कुणी हात लावू नये, कारण ती उद्या तुमच्या किमतीत वळती व्हायची आहे. क्लोजिंगला तुमच्या एजंटची फी मालक देणार असेल तर ते ऑप्शनच्या करारातच, टक्क्यासकट लिहावं. तुमचा एजंटशी करार तोवर संपलेला असणार, मालकाचाही त्याच्या एजंटशी, आणि दोन वर्षांनी 'कोण देणार' हा प्रश्न तुमच्या दारात येतो. खरेदीदाराच्या एजंटची फी सहसा कर्जात घालता येत नाही, हेही लक्षात असू द्या. ती रोखीची असते.

मालकाच्या बाजूलाही एक गाठ असते. भाड्याने द्यायच्या लिस्टिंग करारात बहुधा कलम असतं की भाडेकरूनेच पुढे घर घेतलं तर एजंटला विक्रीचं कमिशन द्यायचं. मालक ते विसरलेला असतो. क्लोजिंगच्या आठवड्यात आठवण झाली की तो किंमत वाढवून मागतो. म्हणून सुरुवातीलाच विचारा: 'तुमच्या एजंटच्या करारात भाडेकरूने घर घेतल्यास काय लिहिलंय?'

दोन्ही बाजूंना एकच एजंट असेल तर न्यू जर्सीत तुमची लेखी संमती लागते. देऊ नका असं मी म्हणेन. कमी फीत वकील घ्या. बहुतेक राज्यांत एजंट स्वतःच्या कमिशनमधला काही भाग खरेदीदाराला परत देऊ शकतो, न्यू जर्सीतही. तो मागायला लाजू नका, फक्त लेंडरला कळवा. आणि घर सुचवल्याबद्दल मंडळातल्या कुणी लायसन्स नसलेल्याने 'माझे पाचशे' मागितले तर सरळ नाही म्हणा; बहुतेक राज्यांत लायसन्सशिवाय असं कमिशन घेणं बेकायदा आहे.

पायरी ७: मालक आपलाच असेल आणि भारतात परतत असेल

आपल्यात हा प्रकार खूप दिसतो. पंचवीस वर्षं न्यू जर्सीतल्या एडिसनला राहिलेलं कुटुंब पुण्याला कायमचं परत निघालंय, घर घाईत विकायचं नाही, ओळखीतल्या तरुण जोडप्याला भाड्याने द्यायचं आणि पुढे त्यांनीच घ्यावं असं ठरतं. एजंट मध्ये नसतो, कमिशन वाचतं, सगळ्यांना बरं वाटतं. आणि कागदाचा विषय काढला की ऐकू येतं, "अरे, आपल्यात कसले कागद? मी काय पळून जातोय का?"

त्यावर तुम्ही म्हणा, "काका, तुमच्याबद्दल प्रश्नच नाही. पण बँक मला कागद मागणार, आणि उद्या हे घर मुलांच्या नावावर गेलं तर त्यांना काही माहीत नसणार." हे खरंही आहे आणि यावर कुणी रागावत नाही.

मालक परतला आणि अमेरिकेच्या करकायद्यात परकीय ठरला, की दोन गोष्टी तुमच्या अंगावर येतात. एक, फर्प्टा. परकीय व्यक्तीकडून घर घेताना कर कापून भरायची जबाबदारी खरेदीदाराची असते: विक्रीच्या रकमेच्या १५ टक्के. तुम्ही स्वतः राहणार असाल आणि किंमत १० लाख डॉलरपर्यंत असेल तर १० टक्के, ३ लाखांपर्यंत असेल तर काहीच नाही. वरच्या घरावर १० टक्के म्हणजे ५०,००० डॉलर. क्लोजिंगनंतर २० दिवसांत फॉर्म ८२८८ सोबत आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याला, ते भरायचे. कापले नाहीत तर आयआरएस तुमच्याकडे मागते, काकांकडे नाही. मालक अमेरिकन नागरिक असेल तर पुण्यात राहत असला तरी हे लागू नाही. तसं प्रतिज्ञापत्र मात्र घ्या.

दुसरी, भाड्याची. परकीय मालकाला दिलेल्या भाड्यावर ३० टक्के कापावे लागतात, त्याने तुम्हाला डब्ल्यू-८ईसीआय फॉर्म भरून दिला नसेल तर. मालक विमानात बसण्याआधी हा फॉर्म मागून घ्या किंवा मध्ये प्रॉपर्टी मॅनेजर ठेवायला सांगा.

क्लोजिंगच्या सह्यांसाठी पॉवर ऑफ ॲटर्नी इथेच, निघण्यापूर्वी करून ठेवायला सांगा. मुंबईच्या अमेरिकी कॉन्सुलेटमध्ये नोटरीची सोय आहे, पण अपॉइंटमेंट तुमच्या क्लोजिंगच्या तारखेची वाट बघत नाही.

पायरी ८: मुदत संपायच्या सहा महिने आधी

ऑप्शन आपोआप वापरला जात नाही. करारात लिहिलेल्या तारखेआधी, लिहिलेल्या पद्धतीने लेखी नोटीस द्यावी लागते, बहुधा सर्टिफाइड मेलने. व्हॉट्सॲपवर 'काका, घेतोय हं घर' म्हणणं नोटीस नाही. ती तारीख कॅलेंडरमध्ये दोघांच्याही फोनवर टाका.

सहा महिने आधी लेंडरकडे करार, मेमोरँडम, ऑप्शन फीची पावती आणि १२ महिन्यांचे भाड्याचे पुरावे घेऊन जा. आईवडिलांनी डाउन पेमेंटला मदत पाठवली असेल तर भेटपत्र तयार ठेवा; वर्षात परदेशातून आलेली भेट १ लाख डॉलरच्या वर गेली तर आयआरएसला फॉर्म ३५२० द्यावा लागतो. याच सहा महिन्यांत नवी गाडी घेऊ नका. कर्ज मिळत नाही असं दिसलं तर मुदतवाढ मागायची वेळ हीच आहे, शेवटचा आठवडा नाही.

क्लोजिंगच्या निदान तीन कामकाजाचे दिवस आधी लेंडर क्लोजिंग डिस्क्लोजर पाठवतो. पाच पानं असतात. त्यात चार आकडे शोधा: ऑप्शन फी किमतीत वळती झाली का, रेंट क्रेडिट अप्रेझरच्या भाड्याप्रमाणे आलं का, तुमच्या एजंटची फी कुणाच्या रकान्यात पडली आहे, आणि भाड्यावेळी दिलेले ३,४०० त्यातून वजा झाले का. यातलं एखादं दिसलं नाही तर लेंडरला आणि वकिलाला त्याच दिवशी ईमेल करा, कराराचं ते पान जोडून.